एका ‘फ्री’ची प्रस्तावना

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. दहिसर, वाशी, ऐरोली आणि दोन आमच्या मुलुंडचे : एक लालबहादूर शास्त्री मार्गावरचा, दुसरा पूर्व द्रुतगती महामार्गावरचा आनंदनगरचा. मोटारीमागे ४५ रुपये वाचणार होते. दुसऱ्या दिवशी मी बातमीपेक्षा बातमीतले शब्द जास्त वाचले, ही जुनी खोड. कुठे ‘टोलमाफी’ होती, कुठे ‘टोलमुक्ती’, आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी सहालाच कोणीतरी टाकलं होतं, ‘मुलुंड टोल फ्री!!!’

तिन्हींचा हिशेब एकच, पंचेचाळीस रुपये. पण माफ होतं ते देणं, म्हणजे ते आपण लागत होतो आणि कोणीतरी मोठ्या मनानं सोडलं. मुक्ती मिळते ती जाचातून, म्हणजे मुळात ते आपल्यावर लादलेलं होतं. दोन शब्दांत दोन वेगळ्या बाजू बोलतात. एकात सरकार, दुसऱ्यात गाडीवाला. आणि फ्री? फ्रीमध्ये कोणीच बोलत नाही. आपल्या खिशातून गेलं नाही, एवढंच कळतं. नाक्यावर जे जमा व्हायचं ते आता कुठून भरलं जाणार, हा प्रश्न त्या शब्दाला पडतच नाही.

या पुस्तकाचा विषय हा तिसरा शब्द आहे. मुंबईच्या उपनगरांत इंग्रजीची पायरी न चढलेला माणूससुद्धा दिवसातून पाच-सात वेळा तो उच्चारतो. संध्याकाळी फ्री आहेस का. दोन घेतले की एक फ्री. आज बोरिवलीपर्यंत सगळे सिग्नल फ्री मिळाले. वडिलांसाठी शुगर फ्री बिस्किटं आण. ती मुलांशी फार फ्री आहे. नट फ्री फिरतोय, आटे गेलेत. एवढ्या सगळ्या वाक्यांत पैशाशी संबंध असलेलं वाक्य एकच आहे, पण ‘फ्री’ हा शब्द नुसता, संदर्भाशिवाय कानावर पडला तर कोणीही मुलुंडकर, घाटकोपरकर आधी खिशालाच हात लावील. भाषेतल्या एका शब्दाचा अर्थ असा एका कुशीवर कधी आणि का वळतो, ते बघण्यासाठी हा उद्योग मांडला.

मराठीला या शब्दाची गरज नव्हती, हे आधी नोंदवून ठेवतो. तक्रार म्हणून नव्हे. गरज नसताना घरात आलेल्या वस्तूच जास्त वापरल्या जातात. इंग्रजी एका ‘फ्री’वर जेवढं काम उरकते तेवढ्यासाठी आपल्याकडे दोन भरलेली कपाटं आहेत. पहिल्या कपाटात बंधन नसण्याचे शब्द. माणूस मोकळा असतो, त्याला सवड असते, आणि जरा जास्तच सवड असली तर तो रिकामा असतो, त्याहून जास्त असली तर रिकामटेकडा. मैदान मोकळं, केस मोकळे, भात मोकळा. मन मोकळं करता येतं आणि दिवस भरलेली लेक ‘सुखरूप मोकळी झाली’ असा निरोप येतो. गुरं मात्र मोकळी नसतात, मोकाट असतात. दार खुलं, प्रवर्ग खुला. कैदी सुटतो, आत्मा मुक्त होतो, देश स्वतंत्र होतो. यांपैकी एकही शब्द दुसऱ्याच्या जागी बसवून बघा. स्वतंत्र भात आणि मोकाट लेक यांनी वाक्याचं काय होतं ते लगेच दिसेल.

दुसऱ्या कपाटात दाम न पडण्याचे शब्द. इथे या पुस्तकाचा खरा मुद्दा आहे, म्हणून जरा थांबतो. फुकट, मोफत, माफ, विनामूल्य, बक्षीस, धर्मादाय, खैरात, नादारी, वर. वरवर पाहता सगळ्यांचा अर्थ ‘पैसे नाहीत’. पण प्रत्येक शब्द आणखी एक गोष्ट सांगतो : बिल कोणाच्या नावावर फाटलं, आणि घेणाऱ्यानं मान वर ठेवायची की खाली.

‘मोफत’ फारसीतून आला आणि सरकारी झाला. मोफत लसीकरण, मोफत नेत्रतपासणी शिबिर. देणारा मोठा आणि बिनचेहऱ्याचा, घेणारा रांगेत, आणि रांगेत उभं राहण्यात कमीपणा नाही. ‘विनामूल्य’ हा त्याचा कडक इस्त्रीतला भाऊ; व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर शेवटच्या ओळीत असतो आणि त्याच्या शेजारी ‘वेळेवर उपस्थित राहावे’ ही सूचना असते. ‘धर्मादाय’मध्ये देणाऱ्याला पुण्य मिळतं, म्हणजे फुकट कोणालाच काही नसतं. म्हणूनच ‘धर्माची गाय अन् दात का गं नाय’ ही म्हण झाली. गाय दान मिळाली तरी दात बघण्याची इच्छा मरत नाही.

‘नादारी’ आता कोणी म्हणत नाही. ना-दार, ज्याच्याकडे नाही तो. माझ्या शाळेत फी माफ व्हायची ती नादारीच्या अर्जावर, आणि वर्गात ‘नादारीवाले उभे राहा’ असं पुकारलं की तीन-चार मुलं बाकाच्या कडेला धरून अर्धवट उठायची. त्या शब्दात बिल घेणाऱ्याच्या गरिबीच्या नावावर फाटायचं. पुढे सवलतींना ईबीसी हे तीन अक्षरी नाव आलं, त्यापुढे फ्रीशिप. उभं राहणं थांबलं असेल तर त्या बदलाचं मी स्वागतच करतो. शब्द गेल्याचं दुःख प्रत्येक वेळी करायचं नसतं.

आणि ‘फुकट’. या एका शब्दावर स्वतंत्र प्रकरण लिहावं लागलं. देणाऱ्याचा त्यात मागमूस नाही, सगळा रोख घेणाऱ्यावर. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणताना हसतो तोही घेणाराच. विनातिकीट प्रवास करणाऱ्याला मराठी वर्तमानपत्रं ‘फुकटा प्रवासी’ म्हणतात. त्याच माणसाला ‘फ्री प्रवासी’ म्हटलं तर तो पासधारक रेल्वे कर्मचारी वाटेल. पण याहून मोठी गोष्ट अशी, की ‘फुकट’चा आणखी एक अर्थ आहे जो इंग्रजी ‘फ्री’च्या आसपासही फिरकत नाही : वाया. मेहनत फुकट गेली. एवढा अभ्यास केला, फुकट. बिचारा फुकट मेला. ज्याला दाम पडला नाही आणि ज्याचा दाम मिळाला नाही, अशा दोन्ही गोष्टींना मराठीनं एकच शब्द दिला. मला यात आपल्या भाषेचा एक जुना, जरासा चिक्कू पण पक्का व्यवहार दिसतो. देवाणघेवाणीची एक बाजू गायब झाली की तिच्या लेखी हिशेब बिघडलेला. मग फायदा कोणाचाही होवो.

उरला ‘वर’. अर्धा किलो भेंडी घेतल्यावर भाजीवाला मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या वर टाकतो, पाणीपुरीची सहावी संपल्यावर भैया सुकी पुरी हातावर ठेवतो. याला आपण फुकट म्हणत नाही. हा रिवाज आहे. न मागता मिळाला तर आनंद, न मिळाला तर अपमान. अलीकडे भाजीवर एकही मिरची न टाकणारी अ‍ॅप्सही यादीच्या शेवटी ‘कोथिंबीर फ्री’ असं लिहून पाठवतात, त्या वेळी तोच पाला रिवाजातून निघून ऑफरमध्ये गेलेला असतो.

आता जरा इंग्रजांच्या घरात डोकावू, कारण तिथे एक गंमत आहे. ‘फ्री’ या शब्दाचं मूळ शोधत मागे गेलं की जर्मानिक भाषांतून पुढे जाऊन आपण पोहोचतो ते संस्कृत ‘प्रिय’ या शब्दाच्या सख्ख्या चुलत घराण्यात. मूळ अर्थ लाडका, आपला. ‘फ्रेंड’ त्याच कुळातला. जो आपल्या कुळातला, आपला, तो गुलाम नाही; म्हणून तो फ्री. बंधन नसणं हा अर्थ असा नात्यातून आला, आणि पैसे न पडणं हा अर्थ त्याच्या पाठोपाठ कधीतरी. गंमत पुढे आहे. इंग्रजीत लाडक्याला दुसराही शब्द आहे, ‘डिअर’, आणि त्याचा अर्थ महाग असाही होतो. म्हणजे ‘प्रिय’ या एकाच भावनेचे दोन धागे निघाले. एक जाऊन पोहोचला फुकटात, दुसरा महागाईत. आपल्या ‘महाग’ला एवढा प्रवास करावा लागला नाही. तो सरळ ‘महार्घ’ या शब्दातून आला, ज्याची किंमत मोठी तो. आपल्याकडे प्रेमाचे शब्द बाजारात कमी जातात असं एक वाक्य मी इथे पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, पण ‘लाडकी बहीण’ योजना आल्यावर ते खोडलं.

इंग्रजी शब्दाच्या दोन अर्थांची टक्कर जिथे सर्वांत मजेशीर होते, ती जागा कायद्यात आहे. ‘फ्री अँड कंपल्सरी एज्युकेशन’. शब्दशः कान लावून ऐकलं तर हे ‘मुक्त आणि बंधनकारक’ असं काहीतरी होतं, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला क्षणभर अडखळायला होत असेल. मराठीनं शंभर वर्षांपूर्वीच तो खड्डा चुकवला : ‘मोफत व सक्तीचे’. म. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली, सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये बडोदा संस्थानात ते प्रत्यक्षात आणलं, गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडलं आणि ते फेटाळलं गेलं, शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात हुकूम काढला. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या मराठी नावातही तीच जोडी आहे. मोफत आणि सक्ती या शब्दांत भांडण नाही, उलट एकाशिवाय दुसरा अन्याय ठरतो : सक्ती करायची आणि वर फी मागायची, हे कसं चालेल? मराठी शब्दांत युक्तिवाद आपोआप उभा राहतो.

उपनगरांत मात्र या कायद्याचं चलनी नाव ‘आरटीई’ आहे, आणि खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांना आईबाप ‘फ्री सीट’ म्हणतात. गणवेश, व्हॅन, सहल, वार्षिक स्नेहसंमेलनाचा पोशाख यांची बेरीज सुरू झाली की त्यांनाच कळतं, की फ्री होती ती फक्त सीट.

आता घरांकडे येतो. या पुस्तकातलं सर्वांत लांब प्रकरण घरांचं आहे आणि त्याबद्दल वाचकांची माफी मागणार नाही, कारण अंधेरी ते दहिसर आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात ‘फ्री’ हा शब्द जितका घरांच्या संदर्भात जगलाय तितका कुठेच नाही.

१९९५ साली राज्यात युतीचं सरकार आलं ते मुंबईतल्या ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरं देण्याच्या घोषणेवर. त्याआधी १९९१ ची एक योजना होती, पण तिच्यात रहिवाशाला बांधकामाच्या खर्चातला काही वाटा भरावा लागे. १९९५ नंतर तो वाटा गेला, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं आणि एसआरए ही तीन अक्षरं घराघरांत पोहोचली. घर आधी २२५ चौरस फुटांचं, मग २६९, मग ३००. सरकारनं यासाठी तिजोरी उघडायची नव्हती, विकासकानं रहिवाशांची इमारत आपल्या खर्चानं बांधायची, आणि त्या बदल्यात त्याच भूखंडावर किंवा अन्यत्र वाढीव बांधकामाचा हक्क घ्यायचा. त्याच्या वाट्याच्या इमारतीला बांधकाम धंद्यात नाव आहे, ‘फ्री सेल’.

घाटकोपरला पूर्वेच्या एखाद्या रस्त्यावर उभं राहा. एका बाजूला पुनर्वसनाची इमारत. खिडक्यांना जाळ्या, जाळ्यांवर कपडे, जिन्यात सायकली. चार पावलांवर काचेचा टॉवर, पोडियमवर पोहण्याचा तलाव, दारावर नाव विचारणारा रखवालदार. भूखंड एक, सात-बारा एक, आणि दोन्ही इमारती ‘फ्री’. पहिलीतलं घर मोफत मिळालं, पण ठरावीक वर्षं विकता येत नाही. दुसरीतलं घर कोटींत जातं, पण विकायला मोकळं. पहिल्या घराला दाम नाही आणि मोकळीक नाही. दुसऱ्याला मोकळीक आहे आणि तिचाच दाम आहे. इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ कोशात एकाखाली एक असतात, इथे ते एकमेकांच्या उन्हात उभे आहेत. खरं तर सावलीत, कारण टॉवर उंच असतो.

मराठी सरकारी कागद या दोघांना ‘पुनर्वसन घटक’ आणि ‘विक्री घटक’ म्हणतो. रुक्ष शब्द आहेत, पण खोटं बोलत नाहीत. ‘विक्री’ म्हटलं की विकणारा आणि विकत घेणारा दोघे डोळ्यांसमोर येतात. आणि विकत घेणाऱ्यानं मोजलेल्या रकमेतूनच समोरच्या जाळीवाल्या खिडकीचे पैसे आलेत, हेही. मोफत घराचं बिल टॉवरमधल्या गृहकर्जदाराच्या हप्त्यात आहे. तो बिचारा खाली पार्किंगच्या वादात ‘तुम्हाला तर फुकट मिळालंय’ असं समोरच्याला सुनावतो तेव्हा अर्थशास्त्र त्याच्या बाजूनं असतं, पण समोरचा चाळीस वर्षं ज्या जमिनीवर राहिला ती जमीन त्याच्या टॉवरखाली आहे, हे त्याला सांगायला तिथे कोणी नसतं.

वस्तीतल्या लोकांचे या बाबतीतले शब्द वेगळेच आहेत, ते मी जसेच्या तसे पुस्तकात घेतले आहेत. ‘अ‍ॅनेक्श्चर टू मध्ये नाव आलं का’ हा पहिला प्रश्न. परिशिष्ट दोन म्हणजे पात्र रहिवाशांची यादी. मग पात्र, अपात्र. आधी १ जानेवारी १९९५ ही तारीख, मग १ जानेवारी २०००. त्यानंतर २०११ पर्यंतच्या झोपड्यांना घर, पण मोफत नव्हे, सशुल्क. मग ‘भाडं चालू झालं का’, म्हणजे जुनी झोपडी पाडल्यावर विकासकानं द्यायचं संक्रमण काळातलं घरभाडं. मग चावी. आणि चावी मिळाल्यावर महिन्याचा मेंटेनन्स, लिफ्टची वीज, पाण्याचा पंप. ‘घर फ्री मिळालं, राहणं महाग झालं’ असं मला एका बाईंनी लिफ्टची वाट बघत सांगितलं. सातव्या मजल्यावर राहायच्या, लिफ्ट बंद होती.

यानंतर अंधेरीचं प्रकरण छोटं आणि जरा हलकं आहे. वर्सोव्याच्या आरामनगरातल्या कास्टिंगच्या गल्ल्यांत, लोखंडवालातल्या कॉफीच्या दुकानांत ‘फ्रीलान्स’ हा शब्द जितका ऐकू येतो तितका देशात क्वचितच कुठे येत असेल. तो रूढ केला वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीनं. कोणत्याही सरदाराशी बांधिलकी नसलेला भाडोत्री भालाईत असा तिथला अर्थ. मराठी वर्तमानपत्रांनी त्याचं ‘मुक्त पत्रकार’ केलं, ज्यात मुक्ती मुख्यतः पगारापासून असते. खरं तर आपल्याकडे अगदी नेमका शब्द पडून होता. मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन येई. स्वतःचा लॅपटॉप, स्वतःचा कॅमेरा, स्वतःचं वायफाय घेऊन कामावर येणारा तो शिलेदार. पण आज कार्डावर ‘शिलेदार पत्रकार’ छापलं तर लोक पक्ष विचारतील.

‘पूर्व मुक्त मार्ग’ या नावाचाही असाच घोटाळा आहे. २०१३ साली सुरू झालेला ईस्टर्न फ्रीवे सिग्नलपासून मुक्त, म्हणून फ्रीवे. त्यावर टोल नाही हा योगायोग. पण मी विचारलेल्या दहा रिक्षा-टॅक्सीवाल्यांपैकी बहुतेकांनी नावाचं कारण टोल नाही असंच सांगितलं. वर म्हटलं ना, आपण आधी खिशाला हात लावतो.

ज्यांनी इंग्रजी ‘फ्री’च्या या दुहेरीपणाचा सर्वांत जास्त मनस्ताप भोगला ते संगणकवाले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. त्यांचं म्हणणं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते चालवण्याचं, उघडून बघण्याचं, बदलण्याचं आणि वाटण्याचं स्वातंत्र्य हवं, एवढंच होतं. किमतीशी वैर नव्हतं. ते स्वतः आपल्या एमॅक्स या प्रोग्रामची टेप १५० डॉलरला विकत. पण जगानं ‘फ्री’ ऐकलं आणि फुकट समजलं, आणि पुढची चाळीस वर्षं ‘आम्हाला भाषणस्वातंत्र्यातला फ्री म्हणायचाय, फुकट बिअरमधला नव्हे’ हे समजावण्यात गेली. या चळवळीची भारतातली शाखा २००१ साली निघाली आणि तिच्या कामात मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातले नागार्जुन जी. यांचा मोठा वाटा राहिला. पवईच्या आयआयटीतून अशा सॉफ्टवेअरचे धडे मराठीसकट अनेक भारतीय भाषांत तयार झाले. म्हणजे ही चर्चा आमच्या घाटकोपर-मुलुंडच्या अवतीभवतीच चालू होती.

आणि मराठीत ती चर्चा मुळात व्हायचीच गरज नव्हती. ‘मुक्त सॉफ्टवेअर’ म्हटलं की संपलं. मुक्त म्हणजे फुकट असं कोणत्याही मराठी माणसाला वाटत नाही. पुरावा हवा असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ पासून ते ‘मुक्त’ आहे, पहिल्या दिवसापासून फी घेतं, आणि ‘नावात मुक्त आहे मग फी कसली’ असं म्हणत कोणी खिडकीवर भांडल्याचं मला माहीत नाही.

पण फार फुशारकी मारायलाही नको. हे विद्यापीठ इंग्रजीत ‘ओपन’ आहे. म्हणजे इंग्रजीनं ‘फ्री’मध्ये जे दोन अर्थ कोंबले ते आपण वेगळे ठेवले, आणि इंग्रजीनं ‘फ्री’ आणि ‘ओपन’ असे जे दोन शब्द वेगळे ठेवले ते आपण एका ‘मुक्त’मध्ये कोंबले. संगणकवाल्यांत फ्री सॉफ्टवेअर आणि ओपन सोर्स या दोन पंथांत वाद आहे. मराठीत तो वाद करायचा झाला तर दोन्हीकडचे लोक ‘मुक्त’ म्हणतच एकमेकांवर धावून जातील. मराठी विकिपीडिया २००३ पासून स्वतःला ‘मुक्त ज्ञानकोश’ म्हणवतो, तिथेही हाच प्रश्न लपलेला आहे.

संगणकाच्या प्रकरणासाठी मी उपनगरांतल्या डीटीपीच्या दुकानांत बराच वेळ घालवला. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, गणपतीच्या अहवाल-पुस्तिका जिथे जुळतात ती दुकानं. वर्षानुवर्षं तिथे मराठी फाँट वापरले गेले ते कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून आलेले, मूळ विकतचे, पण कुलूप तोडलेले. फुकट, आणि मुक्त अजिबात नाहीत. आता त्यांच्याच शेजारी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला फाँट बसलाय. तो मुक्त परवान्यावर आहे, कोणीही उतरवून घ्यावा, बदलावा, वाटावा. नाव ‘मुक्ता’. मी एका दुकानदाराला विचारलं, दोघांत फरक काय? तो म्हणाला, ‘काही नाही, दोन्ही फ्री.’ त्याच्या त्या उत्तरावरून हे पुस्तक लिहायचं मी ठरवलं.

त्याच सुमारास, २०१५ च्या डिसेंबरात, फेसबुकनं ‘फ्री बेसिक्स’ची जाहिरात वर्तमानपत्रांच्या अख्ख्या पानांवर केली होती. काही निवडक संकेतस्थळं बिनपैशांनी, बाकीची नेहमीच्या दरानं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं होतं, की हे फुकट असेल पण मुक्त नाही. कोणतं दार उघडं ठेवायचं ते दुसराच ठरवणार. ८ फेब्रुवारी २०१६ ला दूरसंचार नियामक ट्रायनं अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं, काही महिने सगळंच फुकट मिळालं, आणि हा वाद लोकांच्या डोक्यातून गेला. फुकटानं मुक्ताचा मुद्दा कसा वाहून नेला, हे मला त्या वर्षात पहिल्यांदा नीट दिसलं.

राजकारणावर मी फार लिहिलेलं नाही. सरकारी फुकट वाटपाच्या योजनांना दिल्लीतून ‘रेवडी’ हा शब्द आला आणि मराठी चॅनेलांनी तो तसाच उचलला, याची मात्र चिडचिड पुस्तकात जागोजाग सापडेल. आपल्याकडे ‘खिरापत’ होती. भोंडल्याची गाणी संपली की डबा झाकून ठेवायचा, आत काय आहे ते पोरींनी ओळखायचं, मग वाटायची ती खिरापत. खिरापत वाटणाऱ्या घरानं ती स्वतःच्या स्वयंपाकघरात केलेली असते आणि उद्या दुसऱ्या घराची पाळी असते. ‘सरकारनं खिरापत वाटली’ या टोमण्यात म्हणूनच धार आहे : डबा कोणाच्या घरचा, हे त्यात विचारलेलं आहे.

एका पुस्तकाचा उल्लेख इथे करायलाच हवा. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजी १९५० मध्ये गेले; आपल्या कायद्याप्रमाणे त्यानंतर साठ वर्षांनी, म्हणजे २०११ च्या आरंभी, त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपला. आता ते कोणीही छापू शकतो, कोणीही उतरवून घेऊ शकतो. कोठडीत लिहिलेलं पुस्तक मुक्तही झालं आणि विनामूल्यही. या दोन कपाटांतले शब्द एकाच वस्तूला एकाच वेळी खरोखर लागू पडल्याची उदाहरणं मी शोधत होतो. फार सापडली नाहीत.

या पुस्तकात काय नाही, तेही सांगतो. व्युत्पत्तीचा शास्त्रीय ग्रंथ हा नव्हे. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्या कोशांवर मी जागोजाग विसंबलो आहे आणि जिथे ते गप्प आहेत तिथे मीही. ‘फ्री’ शब्द मराठीतून हाकला पाहिजे असंही इथे कुठे म्हटलेलं नाही. नट फ्री फिरतो तेव्हा त्याच्यासाठी दुसरा शब्द मी कोणत्याही गॅरेजात ऐकलेला नाही.

शेवटचं प्रकरण एसटीचं आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्य परिवहनच्या गाड्यांत मोफत प्रवास आहे. माझी मावशी बोरिवलीला राहते, वय ब्याऐंशी, वर्षातून दोनदा सुकुरवाडीच्या स्थानकातून कोकणात गावी जाते. तिला गाडीत बसवायला गेलो होतो. कंडक्टर आला, आधार कार्ड बघितलं, यंत्रातून तिकीट काढून दिलं. त्यावर रक्कम होती शून्य. मावशीनं तरीही कनवटीची पुरचुंडी सोडली आणि विचारलं, ‘किती द्यायचे?’

‘काही नाही आजी. फ्री आहे.’

‘मग तिकीट कशाला देतोस?’

‘सरकारला हिशेब लागतो ना. तुमचे पैसे तिकडून येतात.’

तिला ते पटलं. तिकिटाची चौकोनी घडी घालून तिनं पुरचुंडीत ठेवली, गाठ मारली, आणि मला म्हणाली, ‘उतर आता, गाडी सुटेल. तुझं तिकीट नाही काढलेलं.’